सहा सेकंद कुठे गेले?

पहाटे शिरोळहून नृसिंहवाडीच्या रस्त्याला लागलात, तर भरतीची तयारी करणारी पोरे-पोरी पळताना दिसतील. उसाच्या ट्रॅक्टरला वाट देत, दंडाला मोबाईल बांधून पळतात. आमच्या शेजारचा पोरगा त्यांतलाच. बाप कारखान्यात हंगामी कामगार, आई दुसऱ्याच्या रानात भांगलायला जाते. २०२४ च्या पोलीस भरतीआधी मोबाईलच्या ॲपवर त्याची १६०० मीटरची वेळ रोज ५ मिनिटे ६ सेकंद, कधी ७ सेकंद अशी येई. मैदानावर मात्र ५ मिनिटे १३ सेकंद लागली.

ज्यांच्या घरात भरतीचे पोर आहे त्यांना हा हिशेब पाठ असेल. ५ मिनिटे १० सेकंदांच्या आत आले की २० पैकी २०, त्यापुढे साडेपाच मिनिटांपर्यंत १८. दोन गुण गेले आणि निवड यादी एका गुणाने हुकली. “मैदानावरच्या मशीनने पोराला बुडवलं,” असे त्याची आई सगळ्या गल्लीला सांगत होती. आम्हालाही आधी तसेच वाटले. पण आमचा पेशा कारकुनाचा. दोन वह्यांतले आकडे जुळले नाहीत की चूक तिसऱ्याच ठिकाणी सापडते, हा अनुभव जुना आहे.

एका रविवारी आम्ही तीस मीटरची टेप आणली आणि रस्ता मोजला. त्रेपन्न टेपा आणि वर दहा मीटर, तिथे चुन्याची रेघ मारली. मग पोराला पळवले. रेघ अजून तीसेक मीटर पुढे होती, तोच मोबाईल “१६०० पूर्ण” म्हणून बोलला! त्याच्या वेगाने तीस मीटर म्हणजे सुमारे सहा सेकंद. रोजचे ५:०६ हे खरे ५:१२ होते. मैदानावरचे मशीन खोटे बोलले नव्हते.

असे का व्हावे? मोबाईल रस्ता मोजत नाही. तो साधारण सेकंदाला एकदा उपग्रहांच्या संदेशांवरून आपली जागा ठरवतो आणि त्या जागा जोडत जातो. प्रत्येक जागा काही मीटर इकडे-तिकडे असते. सरळ पळणाऱ्याची रेघ त्यामुळे नागमोडी होते, आणि नागमोडी रेघ सरळ रेघेपेक्षा लांब भरणारच.

अंतराचे कोडे सुटले, पण वेळेचेही एक कोडे आहे, असे आम्हाला ओळखीच्या एका मुलाने सांगितले. तो कोल्हापूरच्या मोहिते कार्टिंग ट्रॅकवर छोट्या शर्यतीच्या गाड्यांची कामे करतो. राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या या ट्रॅकवर झालेल्या आहेत. श्रीमंतांचा खेळ म्हणून आम्ही कधी तिकडे फिरकलो नव्हतो, हेही कबूल करतो. स्पर्धेत गाडीला एक डबी असते आणि ट्रॅकखाली तार पुरलेली असते. डबी तारेवरून गेली की वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत नोंदली जाते. नुसत्या सरावाला मात्र हौशी लोक मोबाईलचे ॲपच लावतात, आणि गोंधळ तिथे होतो.

मोबाईलमध्ये वेग-धक्का ओळखणारा दुसरा सेन्सरही असतो. तो सेकंदाला शंभरवेळा नोंद करतो, तीही जवळजवळ लगेच. उपग्रहाची नोंद मात्र हिशेब होऊन थोडी उशिरा हाती येते. आमच्या कचेरीतले उदाहरण घ्या. पत्रावर तारीख असते २८, आवक शिक्का पडतो २ तारखेचा. दोन्ही तारखा खऱ्या. पण कारकुनाने शिक्क्याची तारीख हीच पत्राची तारीख धरली, तर अर्जदार मुदतीबाहेर जातो. ॲपही तसेच करू शकते : नोंद आली ती वेळ लिहिते, घडली ती लिहीत नाही. ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते. नोंदीला अर्धा सेकंद उशीर झाला की ब्रेक वळणाआधी लावला की वळणात, हे अकरा मीटरने चुकते.

यावर उपाय मेळ घालण्याचा. ब्रेक लागल्याचे धक्क्याच्या सेन्सरला लगेच कळते, उपग्रहाच्या वेगात ते उशिरा दिसते. दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवून एक सरकवत जायचे. जिथे चढउतार जुळतात, तेवढा उशीर.

गंमत अशी की उशीर दर वेळी सारखाच असेल तर फेरीची एकूण वेळ बिघडत नाही. सुरुवातही उशिरा, शेवटही तेवढाच उशिरा. बिघडते कधी? सुरुवात बोटाने बटण दाबून आणि शेवट उपग्रहाच्या नोंदीने केली तर. एका टोकाला उशीर नाही, दुसऱ्याला आहे. दोन घड्याळांची वजाबाकी झाली. या चुकीने वेळ जास्त दिसते, आमच्या पोराच्या अंतराच्या चुकीने कमी दिसत होती. म्हणजे एक चूक दुसरीला झाकूही शकते, आणि ते जास्त वाईट.

भरतीत अनेक ठिकाणी धावणाऱ्याला चिप लावतात. तिथे एकच घड्याळ दोन्ही टोके नोंदवते. पण वेळ शिट्टीपासून धरतात की पट्टी ओलांडल्यापासून, हे पळण्याआधी विचारून घ्यावे. मागच्या रांगेत उभ्या राहणाऱ्याचे दोन सेकंद तिथे जातात. आमच्या पोरी ८०० मीटर पळतात, त्यांना २ मिनिटे ५० सेकंदांच्या आत पूर्ण गुण. त्यांनीही विचारावे, लाजू नये.

आता आम्ही रोज पहाटे चुन्याच्या रेघेवर स्टॉपवॉच घेऊन उभे असतो. पोराने मोबाईल घरी ठेवला आहे. काल वेळ आली ५ मिनिटे ११ सेकंद. “काका, तुमचा अंगठा उशिरा पडला,” म्हणाला. पडलाही असेल. वय झाले आहे. उद्यापासून त्याची आई कामावर जाण्याआधी रेघेवर थांबणार आहे, घड्याळ तिच्याकडे दिले आहे.