पायरी

'आपली पायरी ओळखून वागावे' हा उपदेश आपणांपैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेला असतो आणि मोठेपणी कोणास तरी केलेलाही असतो. आज आषाढी एकादशीच्या पर्वकाळी या पायरीविषयीच लिहावे असे आम्हांस वाटते. नामदेवरायांनी ज्या महाद्वारी पायरीचा दगड होणे मागून घेतले, त्याच द्वारी माणसामाणसांतील ही दुसरी पायरीही शतकानुशतके भक्कम उभी होती.

पद माणसाच्या बुद्धीचा ताबा कसा घेते, हे महर्षी व्यासांनी द्रुपदाच्या कथेत दाखविले आहे. द्रोण व द्रुपद बाळपणीचे सहाध्यायी. पुढे द्रुपद पांचालांचा राजा झाला आणि दरिद्री द्रोण 'सख्या' म्हणत दारी आला, तेव्हा राजाला त्या हाकेत प्रेम नव्हे, उद्धटपणा ऐकू आला. सख्य बरोबरीच्यांतच शोभते, असे त्याने सुनावले. द्रुपद मुळात दुष्ट नव्हता, हे ध्यानी घ्यावे; सिंहासनावरून त्यास जग तसेच दिसत होते. पुढे शिष्यांकरवी त्यास बांधून आणून, अर्धे राज्य स्वतःकडे ठेवून, 'आता आपण बरोबरीचे' म्हणणाऱ्या द्रोणांच्या हातीही तोच तराजू होता.

खालच्या पायरीवरील मन पाहावयाचे तर भागवताचा दशम स्कंध उघडावा. श्रीकृष्णाचा तो ब्राह्मण सखा (सुदामा हे नाव भागवतात नाही, ते लोकपरंपरेचे) शेजारी मागून आणलेले चार मुठी पोहे घेऊन द्वारकेस गेला. भगवंतांनी त्याचे पाय धुतले, त्यास पलंगावर बसविले, तरी पोहे पुढे करावयास त्याचा हात धजेना. आम्ही हे आख्यान लावतो तेव्हा श्रोते भगवंतांच्या औदार्याने गहिवरतात. आमचे मन मात्र त्या लपविलेल्या पुरचुंडीपाशी घोटाळते. लपव असे त्यास कोणी सांगितले होते?

कीर्तनास उशिरा आलेल्या धनिकाला पुढे वाट कोण करून देते? जमिनीवर बसलेली वृद्ध माणसेच, न सांगता, अंग चोरून सरकतात. दर्शनबारीतही तेच. गोपाळपुराकडे गेलेल्या रांगेत रात्र काढलेला वारकरी पायांवर डोके टेकून कृतार्थ होऊन बाहेर येतो. ओळखीच्या चिठ्ठीने आत गेलेला गृहस्थ 'नीट उभे राहू दिले नाही' अशी तक्रार घेऊन येतो. एकास लाभले ते दान, दुसऱ्यास लाभला तो हक्क.

चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे, आत नाही. मंगळवेढ्यास गावकुसाची भिंत कोसळून १३३८ साली त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या समाजास मंदिराचे दार उघडण्यास १९४७ साल उजाडावे लागले, त्याकरिता साने गुरुजींना उपोषण करावे लागले. विरोध करणारांत शास्त्र शिकलेली, नित्य पूजा करणारी माणसे होती. आपण अन्याय करतो आहोत असे त्यांस वाटतच नव्हते, धर्म राखतो आहोत असेच वाटत होते. आम्हां संस्कृतज्ञांची झोप उडावी अशी ही गोष्ट आहे.

वारीच्या वाटेवर लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात. हा केवळ शिष्टाचार आहे असे आम्ही मानीत नाही. ते औषध आहे. परंतु वारीहून परतल्यावर त्याचा गुण किती दिवस टिकतो? वाटेवर अनोळखी बाईस 'माउली' म्हणणाऱ्याच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईचा फराळ मागल्या दारी, निराळ्या बशीत ठेवलेला असतो. घरच्यांस त्यात काही वावगे दिसत नाही, आणि तिलाही दिसत नाही.

उद्या द्वादशीचे पारणे. पाने मांडताना घरच्या पंक्तीत एक पान तिचेही मांडावे. 'मी आपली मागाहून बसते' असे ती म्हणेलच. म्हणू द्यावे, आणि हात धरून बसवावे. पोह्यांची पुरचुंडी भगवंतांनीही ओढूनच घेतली होती.