पत्ता बदलला, तरी वाट राहावी



७ फेब्रुवारी २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने रेपो दर पाव टक्क्याने उतरवला. साहजिकच सर्वांचे लक्ष गृहकर्जाच्या हप्त्याकडे गेले. त्याच दिवशीच्या निवेदनात आणखी एक घोषणा होती. भारतातील बँकांच्या संकेतस्थळांचे पत्ते यापुढे ‘डॉट बँक डॉट इन’ या अक्षरांनी संपतील, असे तीत म्हटले होते. २२ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकाने या कामासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत ठरवून दिली. असे पत्ते देण्याचा अधिकार हैदराबादच्या ‘आयडीआरबीटी’ या, रिझर्व्ह बँकेनेच १९९६ साली स्थापन केलेल्या संस्थेकडे सोपवण्यात आला. ‘डॉट कॉम’ किंवा नुसता ‘डॉट इन’ असा पत्ता कोणीही विकत घेऊ शकतो; ‘डॉट बँक डॉट इन’ मात्र बँकेलाच मिळतो. बनावट संकेतस्थळांना आळा बसावा, हा यामागील हेतू.

येथे एक प्रश्न उद्भवतो. बँकांचे जुने पत्ते पासबुकांवर, धनादेश-पुस्तकांवर, कॅलेंडरांवर छापलेले होते. लाखो खातेदारांच्या मोबाइलमध्ये खुणा करून ठेवलेले होते. त्या सर्वांना घरोघरी जाऊन नवा पत्ता सांगणे अशक्य. तरीही ज्याने सवयीने जुना पत्ता टाइप केला, तो आपोआप नव्या पत्त्यावर पोहोचला. ही किमया ज्या व्यवस्थेने साधते तिला ‘रीडायरेक्ट’ म्हणतात. हा विषय केवळ बँकांचा नाही. आपली मंदिरे, धर्मशाळा, वसतिगृहे, पाठशाळा, शिष्यवृत्ती-निधी यांपैकी पुष्कळांची स्वतःची संकेतस्थळे आहेत. दर काही वर्षांनी कार्यकारिणी बदलते, संकेतस्थळ नव्याने घडवले जाते आणि जुन्या पत्त्यांचा विचार कोणी करीत नाही. म्हणून हा विषय विश्वस्तांनी आणि देणगीदारांनीही समजून घ्यावा, असे मला वाटते.

आपण घर बदलतो तेव्हा जुन्या भागाच्या टपाल कार्यालयास नवा पत्ता कळवतो. पोस्टमन जुना पत्ता खोडून लिफाफ्यावर नवा लिहितो आणि पत्र पुढे पाठवतो. संकेतस्थळाचा सर्व्हर काहीसे असेच करतो; फरक इतकाच, की तो पत्र स्वतः पुढे पाठवत नाही, मागणाऱ्यालाच नवा पत्ता सांगतो. आपला ब्राउझर एखादे पान मागतो, तेव्हा सर्व्हर प्रथम तीन आकडी उत्तर देतो. २०० म्हणजे ‘पान आहे, घ्या’. ४०४ म्हणजे ‘येथे असे काही नाही’. ३०१ म्हणजे ‘हे पान कायमचे दुसरीकडे गेले आहे, हा नवा पत्ता’. ३०२ म्हणजे ‘तूर्त दुसरीकडे आहे, पुढच्या वेळी पुन्हा येथेच विचारा’.

बँकेच्या भाषेत सांगायचे, तर ३०१ म्हणजे शाखेचे स्थलांतर आणि ३०२ म्हणजे ‘आज हा काउंटर बंद आहे, शेजारच्या खिडकीवर जावे’ अशी पाटी. स्थलांतराच्या जागी तात्पुरती पाटी लावली, तर गूगलसारखी शोधयंत्रे जुनाच पत्ता धरून बसतात. उलट, तात्पुरत्या कामासाठी ३०१ दिला, तर ब्राउझर तो स्मरणात ठेवतो आणि आपण नियम मागे घेतल्यावरही त्या वाचकाला परस्पर दुसरीकडेच नेतो. देणगीच्या अर्जाबाबत आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. भरलेला अर्ज ज्या पत्त्यावर जमा होतो, तेथे ३०१ असेल, तर पुष्कळदा ब्राउझर नव्या ठिकाणी केवळ पान मागतो आणि अर्जातील मजकूर गळून पडतो. मजकुरासह पुढे न्यायचे असेल तेथे ३०८ हा आकडा वापरावा.

बँकिंगमध्ये या व्यवस्थेचा एक भाऊबंद आपण सर्वांनी अनुभवला आहे. १ एप्रिल २०१९ रोजी देना बँक आणि विजया बँक यांचे बँक ऑफ बडोदामध्ये विलीनीकरण झाले. पुढील वर्षी त्याच तारखेला सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत विलीन झाली. शाखांचे आयएफएससी कोड त्या दिवशीच रद्द झाले नाहीत. देना आणि विजया यांचे जुने कोड २८ फेब्रुवारी २०२१ पर्यंत, तर सिंडिकेटचे ३० जून २०२१ पर्यंत चालू राहिले. त्या अवधीत जुन्या कोडवर आलेली रक्कम योग्य खात्यात पोहोचत होती. मुदत संपल्यावर ती वाट बंद झाली आणि ज्यांनी भाडेकरूला, कंपनीला किंवा विमा कार्यालयाला नवा कोड कळवला नव्हता, त्यांना धावपळ करावी लागली. वाट चालू ठेवणे आणि त्या काळात लोकांना नवा पत्ता कळवणे ही दोन्ही कामे एकमेकांवर अवलंबून आहेत.

आता दुसरा शब्द, ‘रीराइट’. रीडायरेक्टमध्ये वाचकाला नवा पत्ता सांगितला जातो आणि त्याच्या पडद्यावरील पत्ता बदलतो. रीराइटमध्ये वाचकाला काहीच कळत नाही. सर्व्हर आतल्या आत मागणीचे रूपांतर करून योग्य पान काढून देतो. खातेदाराने जुना खाते क्रमांक सांगावा आणि लिपिकाने काही न बोलता नव्या क्रमांकाची नोंद उघडावी, तसे हे आहे. अपाचे या प्रसिद्ध सर्व्हरसाठी ही सोय राल्फ एंगेलशाल यांनी १९९६ साली लिहिली. तिला ‘मॉड रीराइट’ म्हणतात. तिचे नियम बहुधा ‘एचटीअॅक्सेस’ नावाच्या एका लहानशा मजकूर-फाइलमध्ये लिहिलेले असतात.

या नियमांचे सामर्थ्य त्यांच्या साच्यात आहे. समजा, एखाद्या संस्थेच्या मासिकाचे अंक जुन्या संकेतस्थळावर ‘अंक, प्रश्नचिन्ह, वर्ष बरोबर २०१५, महिना बरोबर ४’ अशा पत्त्यांवर होते आणि नव्या स्थळावर ते ‘अंक, तिरकी रेघ, २०१५, तिरकी रेघ, ४’ असे झाले. दहा वर्षांच्या १२० अंकांसाठी १२० नियम लिहावे लागत नाहीत. ‘वर्षाच्या जागी जे चार आकडे असतील ते उचल, महिन्याच्या जागी जे असतील ते उचल आणि नव्या साच्यात बसव’, एवढा एकच नियम पुरतो. मात्र अपाचेमध्ये मुख्य नियमाला प्रश्नचिन्हानंतरचा भाग दिसत नाही. तो तपासण्यासाठी नियमाच्या आधी स्वतंत्र अट लिहावी लागते. नियम अगदी बरोबर दिसतो आणि तरी चालत नाही, त्याचे कारण अनेकदा हेच असते. एन्जिनएक्स या सर्व्हरवर अशी फाइल नसते. नियम मुख्य मांडणीत लिहून ती पुन्हा वाचून घेण्याची आज्ञा सर्व्हरला द्यावी लागते.

प्रत्यक्ष काम आपल्या संस्थेतील एखादा तरुण करील. विश्वस्तांनी त्याला पुढील गोष्टी आवर्जून विचाराव्यात.

पहिली गोष्ट, ताळमेळ. जुन्या सर्व पत्त्यांची यादी एका रकान्यात आणि प्रत्येकासमोर नवा पत्ता दुसऱ्या रकान्यात लिहावा. जुने प्रत्येक पान त्याच्याच नव्या पानाकडे जावे. सगळे पत्ते सरसकट मुखपृष्ठाकडे वळवणे सोपे असते. पण धर्मशाळेच्या खोलीची चौकशी करणाऱ्याला मंदिराच्या छायाचित्रापुढे उभे करण्यात काय लाभ?

दुसरी गोष्ट, चाचणी. नियम प्रथम ३०२ ठेवून तपासावेत आणि सर्व सुरळीत आहे याची खात्री झाल्यावरच ३०१ करावेत. एचटीअॅक्सेस फाइलमध्ये एक चिन्ह चुकले, तरी संपूर्ण संकेतस्थळ बंद पडू शकते. म्हणून बदलापूर्वी जुन्या फाइलची प्रत काढून ठेवावी.

तिसरी गोष्ट, फेरे टाळणे. एक नियम ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ लावतो आणि दुसरा ते काढतो, असे झाले की ब्राउझर दोघांमध्ये फिरत राहतो आणि अखेर हात टेकतो. तसेच जुन्यावरून मधल्यावर, मधल्यावरून नव्यावर अशी साखळीही नसावी. नियम वरून खाली क्रमाने वाचले जातात, म्हणून विशिष्ट पानांचे नियम आधी आणि सर्वसाधारण नियम नंतर लिहावेत.

चौथी गोष्ट, जुन्या पत्त्याचे सुरक्षा-प्रमाणपत्र. ‘एचटीटीपीएस’ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर सर्व्हरने काही सांगण्यापूर्वीच ब्राउझर प्रमाणपत्र तपासतो. ते संपलेले असेल, तर वाचकाला नवा पत्ता मिळण्याआधीच धोक्याची सूचना दिसते. म्हणजे वाट आहे, पण फाटकाला कुलूप आहे.

पाचवी गोष्ट, आणि सर्वांत महत्त्वाची, जुन्या पत्त्याचे वार्षिक नूतनीकरण. नवे संकेतस्थळ झाले, आता जुन्यावर खर्च कशाला, असा विचार काटकसरी विश्वस्तांच्या मनात येतो. पण सोडून दिलेला पत्ता काही काळाने कोणीही विकत घेऊ शकतो आणि घेणारे टपूनच असतात. मग आपल्या पंचकल्याणक महोत्सवाच्या जुन्या पत्रिकेवरील क्यूआर कोड जुगाराच्या खेळाकडे नेतो. किंवा त्याहून वाईट म्हणजे, हुबेहूब आपल्यासारखे पान उभे करून तेथे दुसऱ्याचेच खाते दिलेले असते. श्रद्धेने दिलेले दान भामट्याच्या हाती पडते. देणाऱ्याला वाटते, मंदिराला पोहोचले. मंदिराला वाटते, यंदा देणगी कमी आली. दोघांनाही बराच काळ काही कळत नाही. वर्षाकाठी काही शे किंवा हजारभर रुपये वाचवण्यासाठी ही जोखीम पत्करणे हिशोबात बसत नाही.

सहावी गोष्ट ‘उघड्या रीडायरेक्ट’ची. काही स्थळांवर लॉगइन झाल्यावर ‘पुढे कोठे जायचे’ तो पत्ता दुव्यातच लिहिलेला असतो. सर्व्हर तो पत्ता न तपासता मान्य करीत असेल, तर फसवणारा आपल्याच संस्थेच्या नावाने सुरू होणारा दुवा तयार करतो आणि वाचकाला आपल्या सापळ्यात नेतो. पुढे जाण्याचे पत्ते केवळ आपल्याच स्थळाचे असावेत, अशी अट नियमातच घालावी.

यासोबत एक प्रशासकीय सूचना. पत्त्याची नोंदणी एखाद्या कार्यकर्त्याच्या खाजगी ईमेलवर नसावी, संस्थेच्या नावावर असावी. तिजोरीच्या किल्ल्यांची नोंद जशी रजिस्टरमध्ये असते, तशी डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख आणि जबाबदार व्यक्तीचे नाव मालमत्ता-नोंदवहीत असावे. कार्यभार देताना-घेताना त्यावर दोघांची सही व्हावी.

आपल्या परंपरेला ही काळजी अपरिचित नाही. रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची जी सूची सिद्ध केली, ती १९२६ साली नागपुरात छापली गेली. कारंजाच्या जैन भांडारांतील पोथ्यांची नोंद तीत आहे आणि तिच्यामुळे अपभ्रंश साहित्याचा मोठा ठेवा विद्वानांच्या दृष्टीस पडला. अशा सूचीतील क्रमांक पुढे ग्रंथांच्या तळटीपांत उतरतात. एखाद्या भांडाराची कपाटे नव्याने लावली आणि जुन्या व नव्या क्रमांकांचे कोष्टक केले नाही, तर पोथी कपाटातच असते, पण तिच्यापर्यंत कोणी पोहोचू शकत नाही. वर सांगितलेली दोन रकान्यांची यादी म्हणजे असेच कोष्टक होय.

आपल्या दर्शनात द्रव्य आणि पर्याय यांचा विचार आहे. उत्पाद आणि व्यय चालू असतात, ध्रौव्य टिकून राहते. संकेतस्थळाचा पत्ता, रंगरूप, मांडणी हे सारे बदलणारच. पण पाहणाऱ्याला बदलामागील तीच वस्तू ओळखता यावी, याची सोय करणे हे आपले कर्तव्य. आपल्या इतवारी स्थानकाला नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव मिळाले. तरी ‘इतवारी स्टेशन’ म्हटले की नागपूरकर आजही नेमका तेथेच पोहोचतो, कारण जुने नाव लोकांच्या स्मरणात आहे. सर्व्हरला असे स्मरण नसते; ते आपण लिहून द्यावे लागते.

शेवटी खातेदार म्हणून आपण काय करावे? पत्त्यात ‘बँक’ हा शब्द कोठेतरी दिसला एवढ्यावर समाधान मानू नये. दोन तिरक्या रेघांनंतर सुरू होणारा आणि पुढच्या पहिल्या एकेरी तिरक्या रेघेपाशी संपणारा भाग शोधावा आणि तो शेवटाकडून मागे वाचावा. आधी ‘इन’, मग टिंब, मग ‘बँक’, मग पुन्हा टिंब आणि त्याअलीकडे आपल्या बँकेचे नाव असावे. टिंबाच्या जागी आडवी रेघ असेल, किंवा ‘बँक डॉट इन’ नंतर आणखी टिंब देऊन ‘कॉम’ वगैरे जोडलेले असेल, तर तो पत्ता बँकेचा नव्हे. संदेशातील दुव्यावर बोट ठेवण्याऐवजी पत्ता स्वतः टाइप करावा. घरातील ज्येष्ठांना हे एकदा शेजारी बसून, त्यांच्याच मोबाइलवर दाखवावे.

आणि जे विश्वस्त आहेत त्यांनी येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेत एक ओळ वाढवावी: ‘संस्थेचे जुने व नवे संकेतस्थळ-पत्ते, नूतनीकरणाच्या तारखा आणि जबाबदारी.’ चातुर्मासाच्या पत्रिका छापखान्यात जाण्यापूर्वी हा विषय निकाली निघावा.