बिनतारीचा अबोला

गेल्या श्रावणांत आमच्या धाराशिवच्या घरीं एका लॅपटॉपानें अबोला धरला. हा लॅपटॉप आमच्या कै. वडीलबंधूंचा. त्यावर लिनक्स प्रणाली आहे, आणि बंधूंनीं उतारवयांत रघुवंशाच्या अकरा सर्गांवर लिहिलेलीं टिपणें त्यांतच आहेत. दुसरी प्रत कोठेंच नव्हती. हल्लीं तो नातीच्या हातीं असतो. एके सकाळीं तिनें तो उघडला, तों वायफायचें चिन्हच नाहींसें झालेलें! तिचा शिष्यवृत्तीचा अर्ज अर्धवट राहिलेला, आणि मुदतीस दोन दिवस. पुतण्यानें दुकानदारास विचारलें. तो म्हणाला, "सर्व पुसून दुसरी प्रणाली घालूं, तासाभराचें काम." पुतण्या कबूलही झाला. "मग यांच्या लिखाणाचें काय?" असें वहिनींनीं विचारलें, तेव्हां मात्र कोणी बोलेना. आम्हीं एका रात्रीची मुदत मागून घेतली.

आम्ही मॅट्रिकपलीकडे गेलों नाहीं, आणि संगणक तर साठीनंतर शिकलों. परंतु न्यायशास्त्रांतील अन्वय-व्यतिरेकाची रीति वाचकांस ठाऊक आहेच: एक असतां दुसरें असतें काय, आणि नसतां नसतें काय, हें पाहिल्यावांचून कारण ठरवूं नये.

पहिला संशय भिंतींवर. घर जुन्या माळवदाचें. दगड व पांढऱ्या मातीच्या भिंती दोन हात रुंद. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी त्यांतून कशाबशा जातात, ५ गिगाहर्ट्झच्या बहुधा माजघरांतच थकतात. परंतु मोबाईल त्याच खोलींत, त्याच राउटरवर नीट चालत होता. आणि लॅपटॉप राउटरच्या उशाशीं नेऊन ठेविला तरी ढिम्म. भिंत व राउटर दोन्ही निर्दोष ठरलीं.

मग टर्मिनल उघडून 'आरएफकिल लिस्ट' ही आज्ञा दिली. विमानाच्या चिन्हाची कळ चुकून दाबली गेली असल्यास येथें 'ब्लॉक्ड'पुढें 'येस' दिसतें, आणि पुष्कळ घरांची तक्रार एवढ्यावरच मिटते. आमचें तसें नव्हतें. 'एलएसपीसीआय' म्हणतांच यंत्रांतील कार्डांची यादी आली. तींत वायफायचें कार्ड होतें. परंतु 'आयपी लिंक'च्या उत्तरांत 'डब्ल्यूएल'नें आरंभ होणारें नांव नव्हतें. म्हणजे गाडी शाबूत, गाडीवान बेपत्ता! ड्रायव्हर हरवला होता.

"काल काय केलें होतेंस?" आम्हीं नातीस विचारलें.

"कांहीं नाहीं, आबा. अपडेट करूं का, असें आलें. मीं 'होय' म्हटलें."

येथें धागा सांपडला. लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नेल. तो १९९१ सालीं फिनलंडांतील लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें आरंभिला, आणि पुढें जगभरच्या मंडळींनीं वाढविला. बहुतेक ड्रायव्हर त्या गाभ्यांतच असतात. मात्र कांहीं कार्डांचे कारखानदार आपल्या ड्रायव्हराचें मूळ उघड करीत नाहींत. तो बाहेरून जोडावा लागतो, आणि कर्नेल बदलला कीं पुन्हां बांधावा लागतो. सूत्रपाठ बदलल्यावर जुनें भाष्य लागत नाहीं, तशांतलाच हा प्रकार.

लॅपटॉप पुन्हां सुरू करतांना शिफ्टची कळ दाबून धरली (कांहीं यंत्रांत एस्केप दाबावी लागते), 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' उघडलें आणि मागील कर्नेल निवडला. चिन्ह आलें! जुना असतां वायफाय आहे, नवा असतां नाहीं. आणखी कोणतें प्रमाण हवें? नव्या कर्नेलाच्या 'हेडर्स' नांवाच्या फायली उतरल्याच नव्हत्या, म्हणून ड्रायव्हर बांधला गेला नव्हता. जुन्या कर्नेलावर बसूनच त्या उतरवून घेतल्या. मग नव्यावरही काम चालूं लागलें. जुना कर्नेल शिल्लक नसेल, तर मोबाईल यूएसबी तारेनें जोडून त्याचें इंटरनेट लॅपटॉपास देतां येतें.

अर्ज दुसऱ्या दिवशीं गेला. परंतु एक गोष्ट कबूल केली पाहिजे. टिपणांची प्रत घेण्यास वायफाय लागत नाहीं; तें काम सर्वांआधीं करावयाचें होतें, आणि आम्हांस तें सुचलें मध्यरात्रीं, तेंही नातीनें पेनड्राइव्ह पुढें केला तेव्हां. तो पेनड्राइव्ह आतां वहिनींनीं पोथ्यांच्या रुमालांत बांधून ठेविला आहे.