असीरगडची मोहर आणि कायद्याची तागडी

मार्च 2025 मध्ये मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्ह्यात असीरगड किल्ल्याजवळची शेते रात्री विजेऱ्यांच्या उजेडात खणली गेली. काहींनी धातुशोधक यंत्रेही आणली होती. ‘छावा’ चित्रपटात बऱ्हाणपूरचे मोगली वैभव दिसले आणि मोहरांची अफवा पसरली. 1681 मध्ये मराठी फौजांनी हे संपन्न शहर लुटले होते, त्यामुळे अफवेला इतिहासाचा आधारही लाभला.

याला निव्वळ लोभ म्हणणे सोपे आहे. पण कायदाही तपासला पाहिजे. 1878 च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार 10 रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. लपवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मात्र शासनाने ते धन घेतल्यास मोबदला मिळतो तो केवळ धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश. नाण्याचे ऐतिहासिक मोल त्या हिशेबात नाही.

इंग्लंडमध्ये 1996 च्या कायद्यान्वये बाजारभावाइतके बक्षीस मिळू शकते. त्याखेरीज इतर वस्तूंच्या ऐच्छिक नोंदणीत आजवर 15 लाखांहून अधिक वस्तू नोंदल्या गेल्या आहेत.

नाणे कोणत्या थरात, कशासोबत पुरलेले होते, यावरून इतिहास कळतो. माती उकरली की हा पुरावा मिटतो आणि सोनाराच्या मुशीत मोहरेचे नुसते सोने उरते. प्रामाणिकपणा तोट्याचा ठरवणारा कायदा बदलत नाही, तोवर शेतांवरील पहारा अपुराच पडेल.