दुसरी गोळी कशासाठी?

कोलेस्टेरॉलची एक गोळी चालू असताना डॉक्टरांनी दुसरी लिहून दिली की घरचे धास्तावतात. ‘आहे त्याच गोळीची पॉवर वाढवा, औषधं वाढवू नका,’ असा आग्रह धरतात. त्यामागची काळजी खरी असते, पण निष्कर्ष चुकतो. हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली असेल आणि तरीही वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, आटोक्यात नसेल, तर स्टॅटिन या नेहमीच्या गोळीच्या जोडीला इझेटिमाइब हे दुसरं औषध द्यायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे.

पहिला आक्षेप पॉवरचा. स्टॅटिनचा बराचसा परिणाम सुरुवातीच्या डोसातच मिळून जातो. पुढे डोस दुप्पट केला तरी एलडीएल आणखी साधारण ६ टक्केच उतरतं. स्टॅटिन यकृतातली कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखतं. इझेटिमाइब आतड्यातून होणारं शोषण अडवतं. दोन्ही वाटा अडवल्या की एलडीएल आणखी सुमारे २० टक्क्यांनी घटतं. अतिजोखमीच्या रुग्णाचं एलडीएल ५५च्या खाली असावं, असं कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये सांगितलं. नुसती पॉवर वाढवून अनेकांना तिथवर पोचता येत नाही.

दुसरा आक्षेप असा, की दोन औषधं म्हणजे दुप्पट त्रास. दक्षिण कोरियात ३,७८० हृदयरुग्णांवर झालेल्या ‘रेसिंग’ चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. एका गटाला रोझुवास्टॅटिन १० मिलिग्रॅम आणि इझेटिमाइब, दुसऱ्याला नुसतं रोझुवास्टॅटिन २० मिलिग्रॅम. वर्षभरानंतर जोडगोळीच्या गटात ७३ टक्के रुग्णांचं एलडीएल ७०च्या खाली होतं, दुसऱ्या गटात ५५ टक्क्यांचं. औषध न मानवल्याने ते थांबवावं किंवा कमी करावं लागलेले रुग्ण अनुक्रमे ४.८ आणि ८.२ टक्के. म्हणजे त्रास जोडगोळीने कमी झाला.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: रिपोर्टमधला आकडा सुधारतो, पण माणसाला काय मिळतं? ही शंका अनाठायी नाही. स्टॅटिनला नायसिन या दुसऱ्या एका औषधाची जोड दिल्याने झटके कमी झाले नाहीत, हे २०११ आणि २०१४ मधल्या मोठ्या चाचण्यांनी दाखवलं. इझेटिमाइबबद्दलही २००८ मध्ये निराशाच पदरी आली होती. मात्र २०१५ मध्ये ‘इम्प्रूव्ह-इट’चे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नुकत्याच तीव्र हृदयविकारातून सावरणाऱ्या १८,१४४ रुग्णांची ही चाचणी. स्टॅटिनला इझेटिमाइबची जोड दिल्यावर सात वर्षांच्या हिशेबात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारखे गंभीर प्रसंग ३४.७ टक्क्यांवरून ३२.७ टक्क्यांवर आले. मृत्यू कमी झाले नाहीत, हे मान्य करायला हवं. पण पन्नासात एक रुग्ण अशा प्रसंगातून वाचतो, हा लाभ त्याच्या कुटुंबाने क्षुल्लक का मानावा?

शेवटचा आक्षेप: संयुक्त गोळ्या हा कंपन्यांचा धंदा आहे. आपल्याकडे हा संशय उगीच आलेला नाही. केंद्र सरकारला २०१८ मध्ये ३२८ संयुक्त औषधांवर बंदी घालावी लागली. ती कारवाई योग्यच होती. पण दोन औषधं एकत्र देण्याला वैद्यकीय आधार आहे का, या कसोटीवर स्टॅटिन आणि इझेटिमाइबची जोडी टिकते. दोन्ही औषधं एकाच गोळीत मिळाली तर रोजचा डोस चुकण्याची शक्यताही घटते.

धोका कमी असलेल्या प्रत्येकाला ही जोडी हवी, असं मी म्हणत नाही. तंबाखू सोडणं, चालणं, जेवणातलं तळण आणि तूप आवरणं याला कोणतीच गोळी पर्याय नाही. पण ज्याच्या हृदयाने एकदा इशारा दिला आहे, त्याने गोळ्या मोजत बसू नये. आपलं एलडीएल किती असायला हवं, हे डॉक्टरांना विचारावं. औषध सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर एक ते तीन महिन्यांत रक्त तपासावं. आकडा वर असेल तर दुसऱ्या गोळीला हरकत घेऊ नये. त्यात गेलेला वेळ रक्तवाहिन्यांना सोसावा लागतो.