सवलतीने माल वाढत नाही

सुरतच्या रिंग रोडवरील कापड बाजारातल्या गाठी देशभर जातात त्या मुख्यतः ट्रकने. इथला वाहतूकदार नवी गाडी घेतो तो भाडे आणि परतीचा माल पाहून; कंपनीची लाखभराची सूट त्याला विक्रेत्याच्या दारात आणते, पण माल आणून देत नाही. जुलै 2018मध्ये केंद्राने भारमर्यादा वाढवली, तेव्हा तीन अ‍ॅक्सलच्या ट्रकचे एकूण वजन 25 टनांवरून 28.5 टनांवर गेले. आहे त्याच गाड्यांत जास्त माल मावू लागला आणि पाठोपाठ अर्थव्यवस्थाही मंदावली. सप्टेंबर 2019मध्ये ट्रक बनवणाऱ्या अशोक लेलँडला भंडाऱ्यासह पाच कारखान्यांत कामबंद दिवस जाहीर करावे लागले. अशा वेळी कंपन्यांनी विक्रेत्याच्या आवारात गाड्या ढकलून आकडे सजवणे घातक ठरते, कारण कारखान्यातून निघालेली गाडी विक्रीत मोजली जाते, ग्राहक मिळो न मिळो. पडून राहिलेल्या गाडीचे व्याज मात्र विक्रेता भरतो.

सूट थांबवली तर कारखाने थंडावतील, कंत्राटी कामगाराचा रोजगार आधी जाईल, हा आक्षेप गंभीर आहे. पण सवलतीवर खपलेल्या जादा गाड्या त्याच मालामागे धावतात, भाडे पाडतात, हप्ते थकवतात, जुन्या गाड्यांचे मोल घटवतात. मग पुढची खरेदीच लांबते आणि कामगाराचे संकट जास्त काळ टिकते. सप्टेंबर 2025मध्ये ट्रकवरील जीएसटी 28वरून 18 टक्क्यांवर आला, म्हणजे किमतीचा दिलासा सरकारने दिलाच आहे. कंपन्यांनी आता उत्पादन प्रत्यक्ष नोंदणीशी जुळवावे आणि सवलतीचा पैसा महामार्गावरील दुरुस्ती, सुटे भाग, डिझेलची बचत यांत घालावा.