मताधिकार आणि त्याचा जोडकायदा

शालेय इतिहासात जपान दोनदा भेटतो : १९०५ साली रशियाला नमविणारा आणि १९४५ साली अणुबॉम्बने होरपळलेला. या दोहोंमधला, मताधिकारासाठी झगडणारा जपान विद्यार्थ्यांपुढे सहसा येत नाही. आमच्या मते तोच जपान आपल्या अधिक कामाचा आहे.

२० फेब्रुवारी १९२८ रोजी तेथे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाची निवडणूक झाली. १८९० च्या पहिल्या निवडणुकीत पंधरा येन कर भरणाऱ्यालाच मत होते. शंभरात जेमतेम एक मतदार. ही अट उतरत उतरत १९२५ च्या कायद्याने गळून पडली. पंचवीस वर्षांवरील पुरुषांना मत मिळाले आणि मतदारसंख्या सुमारे तेहतीस लाखांवरून सव्वा कोटीच्या घरात गेली. तरीही या मताधिकाराला ‘सार्वत्रिक’ म्हणण्यास आमची जीभ रेटत नाही. स्त्रिया वगळल्या गेल्या. दारिद्र्यामुळे मदतीवर जगणारेही वगळले गेले. शिवाय उमेदवाराचे नाव मतदाराने स्वहस्ते लिहावयाचे होते. अंधांना ब्रेलची मुभा मिळाली. निरक्षराला मात्र मतच टाकता येत नव्हते. अक्षर आणि अधिकार यांचे नाते याहून उघड कुठे दिसावे?

खरी मेख पुढेच आहे. ज्या संसदेने मत दिले, तिनेच त्याच वर्षी शांतता संरक्षण कायदा केला. राष्ट्राची राजरचना बदलू पाहणारी किंवा खासगी मालमत्ता नाकारणारी संघटना हा गुन्हा ठरला. एका हाताने मतपत्रिका दिली, दुसऱ्या हाताने तोंड दाबले. निवडणुकीत सेइयुकाई पक्षास २१७ आणि मिन्सेइतो पक्षास २१६ जागा मिळाल्या. श्रमिकांच्या पक्षांना अवघ्या आठ. या आठांचेही भय वाटले असावे. महिनाही लोटला नव्हता तोच, १५ मार्चला, देशभर सुमारे सोळाशे जणांची धरपकड झाली. क्योतोतून निवडून आलेले जीवशास्त्रज्ञ यामामोतो सेन्जी या कायद्याविरुद्ध लढत राहिले. ५ मार्च १९२९ रोजी त्यांचा खून झाला.

आम्हा बौद्धांनी आणखी एका गोष्टीकडे डोळेझाक करू नये. कातडे कमावणाऱ्या, जनावरे सोलणाऱ्या बुराकू समाजाला १८७१ च्या फर्मानाने कागदोपत्री मुक्त केले होते; पण विहारांतून भेद सुरूच राहिला. मृतांना द्यावयाच्या धम्मनामांतही हीनतादर्शक अक्षरे घातली जात. बुद्धाचे नाव घेणाऱ्या देशात हे घडले, म्हणून १९२२ साली त्या समाजाला ‘सुइहेइशा’ ही समतेची संघटना स्वतःच उभारावी लागली.

त्याच १९२८ साली बाबासाहेबांनी सायमन आयोगापुढे प्रौढ मताधिकार मागितला. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. राखीव जागा, शिक्षण आणि सरकारी नोकऱ्यांतील प्रवेश यांच्या हमीही त्यांनी त्याला जोडल्या. हमीवाचून मिळालेल्या मताचे काय होते, हे जपानमध्ये त्याच वर्षी दिसत होते.

सुइहेइशाचे नेते मात्सुमोतो जिइचिरो १९३६ साली संसदेत पोहोचले आणि १९४७ साली वरिष्ठ सभागृहाचे उपाध्यक्ष झाले. सम्राटाला पाठ दिसू नये म्हणून त्याच्यासमोर खेकड्यासारखे आडवे चालण्याची तेथे प्रथा होती. १९४८ साली मात्सुमोतोंनी तसे चालण्यास नकार दिला.